रीडिंग जुळत नाही, म्हणून काय झालं?

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलमध्ये काय चालतं हे इथे वेगळं सांगायला नको. मध्यभागी सीनियरचं जर्नल, भोवती सहा-सात जणी, कुणी ग्राफ काढतंय, कुणी ऑब्झर्व्हेशन टेबल छापतंय, आणि मध्येच कुणीतरी ओरडतं, "अगं, पाचव्या रीडिंगमध्ये सात आहे की एक?" सीनियरनेही ते कुणाच्या तरी जर्नलवरून घेतलेलं असतं. मूळ रीडिंग कोणत्या बॅचने घेतलं, की कुणी घेतलंच नाही, हे देवालाच माहीत.

गेल्या सेमिस्टरला त्या घोळक्यात मीही होते. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना "ही कोण आम्हाला शिकवणारी?" असं कुणाला वाटणार नाही.

प्रयोग लेझर डायोडचा होता. इतर ब्रँचच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. डायोडमधून जाणारा करंट हळूहळू वाढवायचा, समोरच्या मीटरवर प्रकाशाची पॉवर वाचायची आणि दोन्हींचा ग्राफ काढायचा. सुरुवातीला करंट वाढवला तरी प्रकाश नावापुरताच वाढतो. मग एका ठिकाणी ग्राफ कोपरासारखा वळतो आणि सरळ वर चढत जातो. त्या वळणाच्या करंटला थ्रेशोल्ड म्हणतात. तिथून पुढे डायोड खरा लेझर होतो. आमच्या किटवर हा थ्रेशोल्ड साधारण २५ मिलिअँपिअरला येतो.

माझी आणि माझ्या पार्टनरची सगळी रीडिंग नीट येत होती, पण या वळणापाशी घोळ झाला. २६ मिलिअँपिअरला आधी ०.५२ मिलिवॅट आलं. पुन्हा घेतलं तर ०.३१. तिसऱ्यांदा ०.४४. पुढे ३२ मिलिअँपिअरला गेलो की सगळं पुन्हा शहाण्यासारखं. मी सरळ सीनियरच्या जर्नलमधला आकडा लिहिला. पार्टनर हट्टी. तिने तिन्ही आकडे लिहिले आणि ग्राफवर तिन्ही ठिपके दिले. निकाल तुम्ही ओळखला असेलच. मला दहापैकी नऊ. तिला सहा, आणि वर लाल शाईत "रिपीट".

मला नऊ मिळाल्याचं वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. वाईट वाटायला लागलं ते पीएलमध्ये, रँडम प्रोसेसेसचा अभ्यास करताना. आणि त्यावरून माझं जे मत झालं ते असं, की रीडिंग जुळण्याला मार्क देऊन आपण स्वतःचंच नुकसान करून घेतोय. जे रीडिंग जुळत नाही त्यातच बऱ्याच वेळा प्रयोगाचा जीव असतो. हे पटवून द्यायला मी प्रकाशाचंच उदाहरण घेणार आहे, कारण 'नॉइज' म्हणजे कचरा या समजाला प्रकाशाइतकं चोख उत्तर कुणी दिलेलं नाही.

आपल्या पुस्तकात रँडम प्रोसेसचं मराठी भाषांतर 'यादृच्छिक प्रक्रिया' असं दिलं आहे. शब्द वाचून जीभ अडखळते, पण अर्थ साधा आहे: पुढचा आकडा काय येईल ते आधी सांगता येत नाही, पण पुष्कळ आकडे एकत्र पाहिले तर त्यांचा स्वभाव सांगता येतो. एसटी स्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला हे उपजतच कळतं. पुढची गाडी कधी येईल ते सांगता येत नाही. पण तासभर एकही आली नाही की मग तिघी एकदम येतात, हा गाड्यांचा स्वभाव आपल्याला माहीत असतो.

गंमत म्हणजे बल्बचा प्रकाशही असाच येतो. बल्बच्या तापलेल्या तारेत असंख्य अणू आपापल्या मर्जीने प्रकाश सोडत असतात. कुणाचा कुणाला पत्ता नसतो. त्यांच्या लाटा कधी एकमेकींना मदत करतात, कधी मारतात. त्यामुळे अगदी लहान काळात पाहिलं तर हा प्रकाश सतत कमीजास्त होतो आणि फोटॉन एसटीच्या गाड्यांसारखे घोळक्याने येतात. एक फोटॉन आला की लगेच दुसरा येण्याची शक्यता वाढलेली असते. लेझरचं तसं नाही. तिथे एक फोटॉन आल्यामुळे दुसऱ्याच्या येण्याबद्दल काहीच कळत नाही. पुष्कळांना वाटतं की लेझरमधले फोटॉन शाळेच्या रांगेसारखे सारख्या अंतरावर येत असतील. तेही खरं नाही. लेझरचा प्रकाशसुद्धा रँडमच आहे, फक्त त्याचा रँडमपणा वेगळ्या जातीचा आहे.

आता हा फरक पडतो कुठून? बल्बची तार ही जवळजवळ समतोलातली वस्तू आहे. तिच्या प्रकाशाचे रंग तिच्या तापमानावरून ठरतात. समतोलातल्या प्रकाशाचा नियम मॅक्स प्लँकने १९०० मध्ये मांडला आणि १९२४ मध्ये ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी तो फोटॉन मोजण्याच्या एका नव्या रीतीने सिद्ध करून दाखवला. आइन्स्टाइनने त्यांचा निबंध स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला दिला. समतोलात एक गोष्ट पक्की असते: वरच्या पातळीवरचे अणू खालच्या पातळीवरच्या अणूंपेक्षा कधीच जास्त नसतात. वस्तू कितीही तापवा, हे उलटं होत नाही.

लेझरला मात्र नेमकं तेच उलटं लागतं. आपल्या होस्टेलच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाणी आपण होऊन वर चढत नाही. पंप चालू ठेवावा लागतो, आणि टाकी गळकी असेल तर सतत चालू ठेवावा लागतो. लेझरच्या भाषेतही त्याला पंपच म्हणतात. आमच्या डायोडमध्ये तो पंप म्हणजे करंट. समतोलापासून अशी दूर नेलेली, सतत ऊर्जा आत घेणारी आणि सतत बाहेर टाकणारी वस्तू म्हणजे लेझर. पंप बंद केला की संपलं. आरशांमधून आणि इतर वाटांनी जितका प्रकाश गळतो तितका नवा तयार होऊ लागला की थ्रेशोल्ड आला.

आणि आता माझ्या मुद्द्याची गोष्ट. थ्रेशोल्डला लेझर सुरू कोण करतं?

आइन्स्टाइनने १९१७ मध्ये सांगितलं की अणू दोन प्रकारे प्रकाश सोडतो. एक, बाहेरून आलेला फोटॉन पाहून अगदी तसाच दुसरा सोडणं. लेझरचं सगळं काम याच्यावर चालतं. दुसरा प्रकार म्हणजे कुणीही न सांगता, आपोआप सोडणं. हा फोटॉन कधी सुटेल आणि कोणत्या दिशेने जाईल हे त्या सिद्धांतात नशिबावर सोडलेलं होतं, आणि खुद्द आइन्स्टाइनला हा आपल्या सिद्धांताचा कच्चा दुवा वाटत होता. पण हा आपोआप सुटणारा, कुणाचं न ऐकणारा फोटॉन नसेल तर लेझर सुरूच होणार नाही. कारण नक्कल करायला आधी अस्सल लागतं. अशा लाखो भरकटलेल्या फोटॉनपैकी एखादा योग्य दिशेने आरशांमध्ये सापडतो, त्याची नक्कल होते, नकलांच्या नकला होतात. थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी पहिला लेझर चालवला तेव्हाही सुरुवात अशाच फोटॉनने झाली असणार.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे नवीन वाटू नये. "इनपुट न देता ऑसिलेटर सुरू कसा होतो?" हा व्हायवातला ठरलेला प्रश्न आहे, आणि "नॉइजमुळे" हे ठरलेलं उत्तर आपण सगळे देतो. उत्तर देऊन बाहेर येतो आणि पुढच्या प्रयोगातला नॉइज खोडरबरने खोडतो!

गॅदरिंगला हॉलमध्ये टाळ्या वाजतात तेव्हा पाहा. आधी नुसता कडकडाट असतो, ज्याला जसं जमेल तसं. मग "वन्स मोअर"साठी कुठूनतरी ठेका सुरू होतो आणि बघता बघता अख्खा हॉल एका तालात. ताल कुणी ठरवला? कुणीच नाही. तो गोंगाटातूनच वर आला. थ्रेशोल्डपाशी प्रकाशाचं असंच होतं. लोहचुंबक गार करत आणला की एका तापमानाला त्यातले सूक्ष्म चुंबक एका दिशेला वळतात. १९७० च्या सुमारास हर्मन हाकेन आणि इतर काही शास्त्रज्ञांनी दाखवलं की लेझरच्या थ्रेशोल्डचं गणित बरंचसं त्यासारखंच आहे. फरक एवढाच, की चुंबक समतोलात असतो आणि लेझर समतोलापासून दूर. आणि दोन्हींत नेमक्या वळणापाशी वस्तू दोलायमान होते. लहानसा धक्का बसला तरी पूर्वस्थितीला यायला तिथे खूप वेळ लागतो.

हे वाचलं आणि मी उडालेच. म्हणजे आमचं २६ मिलिअँपिअरचं भरकटलेलं रीडिंग ही चूक नव्हतीच! आम्ही प्रकाशाचा मूळ रँडमपणा डोळ्यांनी पाहिला होता! परीक्षा संपल्यावर पार्टनरला ओढत घेऊन मी लॅबमध्ये गेले आणि सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कल्पना छान आहे, पण हा मीटर सेकंदाला दोनदा आकडा बदलतो. तू म्हणतेस ते चढउतार सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही लहान काळातले. ते या मीटरला दिसणार कसे?"

माझा चेहरा पडला. तेवढ्यात लॅबमधले काका म्हणाले, "पोरींनो, त्या दिवशी पंखा चालू होता का बंद?"

पंखा! ग्राफ पेपर उडतात म्हणून आम्ही तो बंद करत होतो आणि उकडायला लागलं की चालू करत होतो. सरांची परवानगी घेऊन आम्ही तिथेच बसलो. करंट २६ वर ठेवला आणि हात लावला नाही. पंखा बंद: रीडिंग हळूहळू खाली. दहा मिनिटांत ०.५ वरून ०.३ च्या आसपास. पंखा चालू: रीडिंग पुन्हा वर. पुन्हा बंद, पुन्हा खाली. डायोड तापला की त्याचा थ्रेशोल्ड वर सरकतो. आमचा करंट थ्रेशोल्डच्या अगदी काठावर होता, त्यामुळे थ्रेशोल्ड जरासा सरकला तरी पॉवर निम्मी होत होती. ३२ वर मुळात पॉवर जास्त, म्हणून तिथे तोच फरक जाणवत नव्हता.

म्हणजे मी समजत होते तसा तो प्रकाशाचा मूळ नॉइज नव्हता. पण तो कचराही नव्हता. ते एक थर्मामीटर होतं! पार्टनरच्या त्या तीन ठिपक्यांत, ज्यांच्यामुळे तिचे मार्क गेले, लेझर डायोडचा सगळ्यात महत्त्वाचा गुणधर्म लिहिलेला होता. माझ्या नऊ मार्कांच्या ग्राफमध्ये काहीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, जी मी पेपरात तीनदा लिहिली होती आणि एकदाही समजले नव्हते. प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला आपण लिहितो, "प्रोसेस स्टेशनरी आहे असे समजू." म्हणजे काळ पुढे गेला तरी तिचा स्वभाव बदलत नाही असं समजू. आमचा डायोड तापत होता. तो स्टेशनरी नव्हता. त्यामुळे तीन रीडिंगची सरासरी काढून मोकळं होणं हासुद्धा उपाय नव्हता. सरासरीने फक्त पुरावा पुसला गेला असता. कोणतं रीडिंग आधी, कोणतं नंतर, किती मिनिटांनी, हे लिहिलं असतं तर त्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. आपल्या ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये वेळेचा रकानाच नसतो!

कुणी म्हणेल, हे एका किटपुरतं झालं. म्हणून एक मोठी गोष्ट सांगते. रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन हे १९१६ मध्ये आपल्याकडे निलगिरीतल्या अरुवनकाडूला जन्मलेले इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रडारवर काम केलं. पुढे ते आणि गणिती रिचर्ड ट्विस यांनी एक विचित्र कल्पना लढवली. ताऱ्याचा प्रकाश दोन आरशांवर घ्यायचा, प्रत्येक आरशासमोर प्रकाश मोजणारं उपकरण ठेवायचं आणि दोन्हींच्या आउटपुटमधला नुसता नॉइज एकमेकांशी ताडून पाहायचा. स्थिर भाग नको, फक्त चढउतार. ताऱ्याचा प्रकाश बल्बसारखा घोळक्याने येतो, म्हणून आरसे जवळ असताना दोन्हींकडचे चढउतार काही प्रमाणात जुळतात. आरसे दूर नेले की जुळणं कमी होत जातं. किती दूर नेल्यावर ते संपतं, यावरून ताऱ्याचा आकार काढता येतो.

पुष्कळ भौतिकशास्त्रज्ञांना हे पटेना. स्वतंत्र फोटॉन एकमेकांशी जुळतील कसे? काहींनी प्रयोग करून असं काही दिसत नसल्याचंही जाहीर केलं. पण त्यांची उपकरणं या कामाला पुरेशी नाजूक नव्हती. १९५६ मध्ये हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांनी लष्कराच्या दोन जुन्या सर्चलाइटचे आरसे वापरून व्याधाचा, म्हणजे आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याचा, कोनीय व्यास मोजला. एका अंशाचे पाच लाखांहून अधिक तुकडे केले तर त्यातला एक, इतका तो लहान. पुढे ऑस्ट्रेलियात नॅराब्राय इथे मोठं यंत्र उभारून ३२ ताऱ्यांचे व्यास मोजण्यात आले. आणि "फोटॉन घोळक्याने का येतात?" या भांडणातून प्रकाशाच्या क्वांटम सिद्धांताची एक नवी शाखाच उभी राहिली. १९६३ मध्ये रॉय ग्लाउबर आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी तिचा पाया घातला. सुदर्शन हे केरळचे, आणि सुरुवातीची काही वर्षं आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. ग्लाउबर यांना त्या कामासाठी २००५ मध्ये नोबेल मिळालं.

आता विचार करा. हॅनबरी ब्राऊन यांनी आपल्यासारखं केलं असतं तर? आउटपुट हलतंय म्हणून सरासरी काढून सरळ रेघ मारली असती तर? व्याधाचा व्यास त्या रेघेत नव्हताच. तो हलण्यात होता.

"नोकरीत कोण विचारतंय हे?" असा प्रश्न माझ्या रूममेटने विचारला. विचारतात. समुद्राखालून जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरमध्ये ठराविक अंतरांवर प्रकाश वाढवणारे अँप्लिफायर असतात. १९१७ चा तोच आपोआप सुटणारा फोटॉन तिथेही आहे आणि तो सिग्नलमध्ये आपला नॉइज मिसळतो. अँप्लिफायर कितीही उत्तम बनवला तरी तो पूर्ण काढता येत नाही. म्हणून इंजिनिअर त्याला नाकारत नाहीत, त्याचा हिशोब मांडतात आणि मगच लाइन टाकतात. दुसरं उदाहरण तर आमच्या प्रयोगाचंच आहे. लेझर डायोड थ्रेशोल्डच्या खाली आणून पुन्हा वर नेला की दर वेळी त्याची लाट वेगळ्या टप्प्यावर सुरू होते, कारण सुरुवात करणारा फोटॉन दर वेळी वेगळा. यावरून कुणालाही आधी ओळखता न येणारे आकडे बनवणारी यंत्रं तयार केली आहेत आणि ते आकडे गुप्त संदेशांच्या किल्ल्यांसाठी वापरतात. जो नॉइज आपण खोडतो तोच तिथे विकला जातो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की सगळाच नॉइज असा थोर नसतो. मान्य. दहापैकी आठ वेळा वायर सैल असते किंवा आपण मीटरची रेंज चुकीची लावलेली असते. पण वायर सैल आहे हे कळायलाही खरं रीडिंगच लागतं. सीनियरच्या जर्नलमधून सैल वायर सापडत नाही.

दुसरा आक्षेप स्टाफचा, आणि तो खरा आहे. वीस जणांची बॅच, चार किट, दोन तास आणि सिलॅबसमध्ये दहा प्रयोग. प्रत्येकाच्या विखुरलेल्या ठिपक्यांची चौकशी सरांनी कधी करायची? बाहेरून येणारे एक्झामिनर तर ग्राफ मॅन्युअलसारखा आहे का एवढंच बघतात. हे सगळं माहीत असूनही मला वाटतं, तीन गोष्टी करता येतील आणि त्यांना पैसा लागत नाही.

एक, रीडिंग पेनाने, वेळेसकट एका कागदावर घ्यावं, त्याच दिवशी त्यावर सरांची सही व्हावी आणि तोच कागद जर्नलला जोडावा. दोन, दहापैकी निदान दोन प्रयोगांत एका जागचं रीडिंग पुन्हा पुन्हा घ्यायला सांगावं आणि सगळे ठिपके ग्राफवर दिसावेत. रेघ ठिपक्यांमधून जावी, ठिपके ओढून रेघेवर आणू नयेत. तीन, ओरलमध्ये एकच प्रश्न वाढवावा: "तुझं कोणतं रीडिंग जुळलं नाही, आणि का असावं?" या प्रश्नाला दोन मार्क ठेवा. मग बघा होस्टेलमध्ये आदल्या रात्री काय छापायचं राहतं ते! हे उत्तर दुसऱ्याच्या जर्नलमध्ये नसतं.

पण सगळा दोष सिस्टिमवर टाकून आपण मोकळं व्हायचं नाही. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये रफ बुक आणि फेअर बुक अशा दोन वह्या असायच्या. फेअर बुकला स्टार मिळायचे. रफ बुक कधीच कुणी मागितली नाही. बारा वर्षांत मी एवढं नक्की शिकले, की स्वच्छ तेच खरं. ते विसरायला मला एक पंखा आणि एक हट्टी पार्टनर लागली. तुमच्यापैकी प्रत्येकाची अशी एखादी फेअर बुक असेलच.

पार्टनरचे सहा मार्क सहाच राहिले. टर्मवर्क आधीच गेलं होतं. सरांनी तिला बोलावून "तुझं बरोबर होतं" असं सगळ्यांसमोर सांगितलं, हे मात्र इथे लिहायलाच हवं. असे सर सगळ्यांना मिळत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक ज्युनियर माझ्या खोलीत आली. "दीदी, लेझर डायोडचं जर्नल देशील? फक्त रीडिंग बघायचीत." मी दिलं. मात्र नऊ मार्कांच्या त्या पानावर आता आमचा पंख्याचा कागद चिकटवलेला आहे, वेळेसकट. तिने दोन्ही पानं पाहिली आणि म्हणाली, "मग यातलं लिहू कुठलं?"

मी म्हटलं, "आधी जाऊन बघ, पंखा चालू आहे का."